चिठ्ठीवर ‘कधीपर्यंत’ लिहिलेलं नसतं : नागपुरातल्या औषधविक्रेत्यांना खुलं पत्र

नागपुरातल्या सर्व औषध दुकानदारांना आणि काउंटरवर उभ्या असलेल्या फार्मासिस्ट बंधू-भगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. सरकारी दवाखान्यात औषधनिर्माता म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात लोक आपापल्या औषधांच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, दोन सारख्याच तर नाहीत ना, असे त्यांचे प्रश्न असतात. पिशवी टेबलावर रिकामी केली की बीपीची आणि शुगरची गोळी निघतेच. पण तेवढ्याच संख्येने निघतात त्या ताकदीच्या गोळ्या: कॅल्शियम, डी-3, बी-12, मल्टिव्हिटॅमिन, नसांची, केसांची, डोळ्यांची. यातली प्रत्येक गोळी कधीतरी, कोणीतरी, काही कारणाने सुरू केलेली असते. ती बंद कधी करायची हे मात्र ना चिठ्ठीवर असतं, ना घेणाऱ्याला ठाऊक असतं.

मी विचारते, “काकाजी, ही कधीपासून घेऊन राहिले?”

“डॉक्टरनं लिहून दिली तेव्हापासून.”

“किती दिवस घ्या म्हणाले होते?”

“ते काही नाही सांगितलं. संपली का आणतो.”

ती ज्या काउंटरवरून आणली जाते, ते तुमचं आहे. म्हणून हे पत्र डॉक्टरांना न लिहिता आधी तुम्हाला लिहिते आहे. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि डी दिलेलं असतं, शुगरच्या डॉक्टरांनी नसांची गोळी, त्वचेच्या डॉक्टरांनी केसांची. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात गेलेला माणूस धंतोलीतल्या दुसऱ्या दवाखान्यातलं सगळं सांगतोच असं नाही. या तिन्ही चिठ्ठ्या एकत्र येतात त्या तुमच्यासमोर. आणि वर्षभराने, चिठ्ठी हरवल्यावर, माणूस गोळ्यांचा रिकामा पत्ता घेऊन येतो आणि म्हणतो, “हेच द्या भाऊ, दोन पत्ते.” त्या क्षणी त्याच्यासमोर औषधाचं शिक्षण घेतलेला एकच माणूस उभा असतो.

सगळ्यात आधी डी-3, म्हणजे डी जीवनसत्त्वाबद्दल, कारण त्याचीच मला जास्त काळजी वाटते.

साठ हजार युनिटची कॅप्सूल किंवा पावडरची पुडी आज नागपुरात घराघरांत आहे. 45 अंशांचं ऊन असलेल्या शहरात डी कसं कमी पडतं, असं लोक विचारतात. पडतं, कारण त्या उन्हात अंगाला ऊन लागू देणारं कोण असतं? दुपट्टा, हातमोजे, एसी ऑफिस. ज्यांना खरोखर कमतरता आहे त्यांना ती कॅप्सूल दिलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण हिशेब बघा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाची रोजची गरज 600 युनिट. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये शंभर दिवसांची गरज आहे. आठवड्याला एक घेतली तर दिवसाला साडेआठ हजार युनिट पडतात. देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा 4,000 मानली जाते. साधारण आठ आठवडे उपचार म्हणून हा डोस योग्य आहे. दोन वर्षं, कोणी न पाहता, तो योग्य नाही. आणि ‘आठवड्यातून एक’ हे ‘रोज एक’ असं वाचलं गेलं, तर काय होतं ते सांगायलाच नको.

आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांचं उदाहरण देते. गुडघे दुखतात म्हणून आठवड्याला एक कॅप्सूल लिहून दिलेली. मुदत संपली, कॅप्सूल चालूच. मधे मुलाकडे दुसऱ्या गावी गेले, तिथे कोणीतरी सहा लाख युनिटचं इंजेक्शन दिलं. परत आल्यावर कॅप्सूल पुन्हा सुरू, सोबत कॅल्शियमची गोळी, त्यातही डी-3 होतंच. मे महिन्यात त्यांची तहान भागेना, सारखं लघवीला जावं लागे, जेवण जाईना, मळमळ, पोट साफ नाही. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. पन्हं पाजलं, कांदा खिशात ठेवला, अंधाऱ्या खोलीत कूलरसमोर झोपवलं. मग ते बोलताना अडखळू लागले, नातवाचं नाव चुकू लागले, तेव्हा वयाला दोष दिला गेला. दवाखान्यात रक्त तपासलं तर कॅल्शियम चढलेलं, मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं आणि डी-3 ची पातळी 150 नॅनोग्रॅमच्याही वर. सलाइन लावून कॅल्शियम उतरवायला आठवडे लागले. मूत्रपिंडांचं जे नुकसान झालं ते पूर्ण भरून आलं नाही.

हे सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच घडलं. डी जीवनसत्त्व चरबीत विरघळतं आणि चरबीत साठून राहतं. बी किंवा सी जास्त झालं की बरंचसं लघवीवाटे निघून जातं, तसं याचं होत नाही. गोळी बंद केली तरी साठा हळूहळू सुटत राहतो आणि आतड्यांतून कॅल्शियम ओढलं जात राहतं. तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी ही लक्षणं आपल्या उन्हाळ्यात कोणालाही असू शकतात, म्हणून हे दुखणं नागपुरात विशेष लपून राहतं. त्यात ज्याला मुतखड्याची सवय आहे, जो दिवसभर फिरतीवर असतो आणि पाणी कमी पितो, त्याला धोका अधिक.

एकदम मोठा डोस देऊन टाकला की काम झालं, ही समजूतही तपासली गेली आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या 2,256 बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट डी किंवा औषध नसलेली रिकामी गोळी दिली. हेतू हाडं वाचवण्याचा होता. 2010 मध्ये निष्कर्ष आला तो उलटा: डी घेतलेल्यांमध्ये पडण्याचं प्रमाण 15 टक्क्यांनी आणि हाड मोडण्याचं प्रमाण 26 टक्क्यांनी जास्त निघालं. आपल्याकडचं सहा लाखांचं इंजेक्शन विकताना ही गोष्ट लक्षात असू द्या.

मी घाबरवते आहे असं कोणाला वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेत 25,871 लोकांवर व्हायटल नावाचा मोठा अभ्यास झाला. रोज 2,000 युनिट, सुमारे पाच वर्षं. या डोसने मुतखडे किंवा रक्तातलं कॅल्शियम लक्षात येईल इतकं वाढलं नाही. म्हणजे बेताचा डोस दीर्घकाळ घेतला तरी बहुतेकांना तो सोसतो. पण ज्यांना मुळात कमतरता नव्हती अशा लोकांमध्ये त्याने कॅन्सर कमी झाला नाही, हृदयविकार कमी झाला नाही आणि 2022 मध्ये आलेल्या निष्कर्षाप्रमाणे हाडं मोडायचीही कमी झाली नाहीत. निरोगी माणसाने पेन्शनमधून दर महिन्याला पैसे काढून काय मिळवलं, हा प्रश्न उरतोच.

बीपीच्या गोळीकडेही एकदा बघत जा. टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असलेली गोळी आपण रोज किती विकतो! हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतात. त्याच पिशवीत कॅल्शियम आणि साठ हजारांची कॅप्सूल असेल, तर तीन बाजूंनी एकाच दिशेने ढकलणं चाललेलं असतं. हे कॉम्बिनेशन डॉक्टरांच्या नजरेतून सुटू शकतं, कारण त्यांनी त्यातलं एकच लिहिलेलं असतं.

आता नसांच्या गोळ्या. शुगर असलेला माणूस पायाला मुंग्या येतात म्हणतो, त्याला मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-12, आणि सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-6, फॉलिक ॲसिड आणि आणखी चार गोष्टी असलेली गोळी मिळते. त्याच्या मुंग्यांना तीन वेगवेगळी कारणं असू शकतात. शुगरने नसा बिघडलेल्या असतात हे एक. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेतल्याने बी-12 कमी पडलेलं असतं हे दुसरं, आणि ते शाकाहारी माणसात फार सहज घडतं. तिसरं कारण फारसं कोणी विचारात घेत नाही: बी-6 जास्त झालं तरी हातापायांच्या नसांना इजा होते आणि मुंग्या, बधिरपणा, चालताना तोल जाणं असं सुरू होतं. 1983 मध्येच हे दिवसाला काही ग्रॅम बी-6 घेणाऱ्या रुग्णांमध्ये स्पष्टपणे नोंदवलं गेलं. पुढे फार कमी डोसवरही, दीर्घकाळ घेतल्यास, अशा तक्रारी आढळल्या. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये बी-6 ची रोजची वरची मर्यादा 12 मिलिग्रॅमवर आणली. ऑस्ट्रेलियात 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त बी-6 असेल तर नसांच्या इजेचा इशारा पाकिटावर छापावा लागतो. गरज आहे सुमारे दोन मिलिग्रॅमची.

एकेका गोळीत ते थोडंच असतं, हे मान्य. पण बी-कॉम्प्लेक्समध्ये थोडं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये थोडं, नसांच्या गोळीत बरंच, आणि वर कोणी 100 मिलिग्रॅमची सुटी बी-6 ची गोळी लिहिलेली, असं मी एकाच पिशवीत पाहिलेलं आहे. मुंग्या थांबत नाहीत म्हणून तो माणूस तुमच्याकडे येऊन “जरा पॉवरची द्या” म्हणतो, आणि आपण पॉवरची देतो. म्हणून कृपा करून पत्त्याच्या मागचा बारीक मजकूर वाचा, बी-6 ची बेरीज करा, आणि ती दहाच्या वर जात असेल तर माणसाला बी-12 ची तपासणी करून डॉक्टरांकडे पुन्हा जायला सांगा.

फॉलिक ॲसिडची पाच मिलिग्रॅमची गोळी स्वस्त आहे, म्हणून ती निरुपद्रवीच असणार असं समजलं जातं. बी-12 कमी असलेल्या माणसाने नुसतं फॉलिक घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं बिघडणं मात्र आतून चालूच राहतं. रिपोर्ट चांगला आला म्हणून सगळे निर्धास्त होतात. शाकाहारी ज्येष्ठांमध्ये हे विशेष जपायला हवं.

केसांची गोळी, म्हणजे बायोटिन. हिच्याने शरीराला थेट अपाय होतो असं नाही, पण तपासण्या चुकतात. रोजची गरज सुमारे 30 मायक्रोग्रॅम; गोळीत असतं 10 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे तीनशे पटींहून अधिक. काही मशीनवर त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट बिघडलेला दिसतो, आणि हार्ट ॲटॅकमध्ये करतात ती ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल इशारा दिला तेव्हा अशा चुकीच्या रिपोर्टनंतर झालेल्या एका मृत्यूचाही उल्लेख केला होता. केसांची गोळी देताना “रक्त तपासायच्या आधी लॅबमध्ये ही गोळी चालू आहे असं सांगा” एवढं एक वाक्य पुरे.

अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलचा आपल्या शहराशी वेगळाच संबंध आहे. खर्रा (सुपारी, तंबाखू, चुन्याचं मिश्रण) खाऊन खाऊन तोंड उघडेनासं झालं की दातांचे डॉक्टर कधी कधी अँटिऑक्सिडंट लिहून देतात, आणि काही कॅप्सूलमध्ये बीटा-कॅरोटीन, म्हणजे शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व बनतं ते, असतं. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला, रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देऊन. फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल या आशेने सुरू केलेल्या या प्रयोगात 1994 मध्ये दिसलं ते असं की कॅन्सर 18 टक्क्यांनी वाढला. दोन वर्षांनी अमेरिकेतला तसाच दुसरा प्रयोग वेळेआधी थांबवावा लागला, तिथे वाढ 28 टक्के होती. हे प्रयोग खर्रा खाणाऱ्यांवर झालेले नाहीत, तेव्हा त्यांचा निष्कर्ष खर्र्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण खर्रा खाणारे कितीतरी जण सोबत बिडी-सिगारेटही ओढतात. म्हणून बीटा-कॅरोटीनची कॅप्सूल हातात देताना “सिगारेट ओढता का?” हे विचारलंच पाहिजे, आणि हो म्हणाला तर चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन केला पाहिजे. ई जीवनसत्त्वाचंही तसंच: 35 हजारांहून अधिक पुरुषांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात रोज 400 युनिट ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त आढळला, असं 2011 मध्ये जाहीर झालं. पायात गोळे येतात म्हणून ही 400 ची हिरवी-पिवळी कॅप्सूल महिनोन् महिने घेणारे आजोबा तुमच्या ओळखीचे असतील.

लोह हे जीवनसत्त्व नव्हे, पण ते याच पिशवीत असतं आणि विदर्भात त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे सिकलसेल आहे, थॅलेसेमियाचे वाहक आहेत; दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. थॅलेसेमियाच्या वाहकाचं हिमोग्लोबिन थोडं कमी असतं आणि लाल पेशी लहान असतात. रिपोर्ट वरवर पाहिला तर तो लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो. मग फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, न तपासता टॉनिक सुरू होतं आणि चालू राहतं. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात तर लोह आधीच जास्त साठलेलं असतं, ते यकृताला आणि हृदयाला बाधतं. सिकलसेलच्या मुलाची आई “रक्त वाढायचं औषध द्या” म्हणत आली तर लोहाची बाटली काढून देऊ नका. त्या मुलाला दवाखान्यातून मिळणारी फॉलिक ॲसिडची गोळी मात्र चालू राहू द्या. त्याच्या लाल पेशी भराभर तुटतात आणि नव्या बनवायला फॉलिक लागतं.

बंद करू नये अशा गोळ्याही आहेत, आणि माझं पत्र वाचून कोणी त्या बंद करायला सांगितल्या तर उलट घात होईल. मेटफॉर्मिनवर असलेल्या शाकाहारी माणसाचं बी-12, पोटाच्या ऑपरेशननंतर लिहून दिलेली जीवनसत्त्वं, गरोदरपणातलं फॉलिक आणि लोह, अंगणवाडीतून लहान मुलांना मिळणारं अ जीवनसत्त्वाचं औषध, टीबीच्या आयसोनियाझिडसोबत दिलेलं बी-6. यांना कारण आहे, आणि डोस व मुदत ठरलेली आहे. गरोदर बाईने मात्र अ जीवनसत्त्वाची जादा गोळी मनाने घेता कामा नये. दिवसाला 10,000 युनिटच्या वर गेलं तर बाळात व्यंग येण्याचा धोका असतो.

नुसत्या मल्टिव्हिटॅमिनबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेतल्या 3,90,124 निरोगी लोकांची वीस वर्षांहून अधिक काळची माहिती 2024 मध्ये तपासली गेली, रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे त्यामुळे जास्त जगले नाहीत. त्या पैशांत गूळ-शेंगदाणे, अंडी, पालक, दूध आणि हंगामात संत्री येतात.

धंद्याची बाजू मला कळते. दुकानाचं भाडं, ऑनलाइनवाल्यांची सूट, कंपनीच्या स्कीम, हे सगळं तुमच्या डोक्यावर आहे, आणि ताकदीच्या गोळ्यांवर मार्जिन बरं मिळतं. पण फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, 2015 प्रमाणे रुग्णाला औषधाचा डोस, मुदत, दुष्परिणाम समजावून सांगणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. ते डिलिव्हरी घेऊन येणाऱ्या पोऱ्याला करता येत नाही. ते तुम्हालाच येतं, आणि गिऱ्हाइकाने तुमच्याच दुकानी यावं यासाठी यापेक्षा चांगलं कारण मला तरी सुचत नाही.

माझं मागणं थोडकं आहे. जीवनसत्त्वाची कोणतीही गोळी दुसऱ्यांदा मागायला आलेल्या माणसाला तीन गोष्टी विचारा: कशासाठी, कधीपासून, कधीपर्यंत. तिसऱ्याचं उत्तर नसेल तर महिन्याभराचीच द्या आणि डॉक्टरांना विचारून यायला सांगा. साठ हजारांची कॅप्सूल देताना पाकिटावर मोठ्या अक्षरांत मराठीत ‘आठवड्यातून एकदा, रविवारी’ असं लिहा आणि शेवटची कॅप्सूल कोणत्या तारखेला, तेही लिहा. वाचता न येणाऱ्या आजीला कॅलेंडरवरच्या रविवारांवर खूण करून द्या. थायरॉइडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम आणि लोह चार तासांच्या अंतराने घ्यायला सांगा, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट लागू पडत नाही आणि उगाच तिचा डोस वाढत जातो. पाकिटावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं छापलेली अन्न परवान्यावरची गोळी आणि औषध परवान्यावरची गोळी एकाच फळीवर असतात. बदली देताना त्यांतले मिलिग्रॅम जुळतात का ते बघा.

आमच्या मंडळातल्या लोकांना मी सांगून ठेवलं आहे की सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून, रिकाम्या पत्त्यांसकट, आपल्या नेहमीच्या दुकानी घेऊन जा. दुपारी दोन ते चार या वेळात दुकानात गर्दी नसते, तेव्हाच जा असंही सांगितलं आहे. ते आले तर त्यांना स्टुलावर बसवा, पिशवी काउंटरवर ओतून घ्या आणि दहा मिनिटं द्या. बेरजेत कुठे अडलं, किंवा डॉक्टरांना काय लिहून पाठवावं हे सुचलं नाही, तर त्यांच्याच हाती माझ्यासाठी चिठ्ठी द्या, मी दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवीन.

आपली,
एक निवृत्त औषधनिर्माती
नागपूर